सातबाऱ्याबाहेरचे मृत्यू

‘कोकणातला शेतकरी आत्महत्या करत नाही’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या अभिमानाने उच्चारले जाते की ते कितपत खरे आहे, असे विचारणेही उद्धटपणाचे वाटावे. प्रचारसभेत ते असते, आंबा महोत्सवाच्या उद्घाटनात असते, मुंबईतल्या ग्रामविकास मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात तर हमखास असते. कोकणी माणूस चिवट, समाधानी, पेजभाकरी खाऊन हसत राहणारा, असे चित्र त्यातून उभे राहते आणि टाळ्या पडतात. अलीकडे लांबलेला पाऊस, मोहोरावरची थ्रिप्स ही कीड आणि काजूबीचे घसरलेले दर यांमुळे या वाक्याला उत्तर देणारी दुसरी बाजू तयार झाली आहे. ‘आता तरी कर्जमाफी द्या, नाहीतर कोकणातही आत्महत्या सुरू होतील,’ असे ती म्हणते. या दोन बाजूंचा वाद वर्तमानपत्रांतून आणि ग्रामसभांतून जोरात चालतो, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते, ती म्हणजे आज कोकणात आत्महत्या होत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की हे गृहीतकच चुकीचे आहे. कोकणात माणसे जीव देतात. फक्त ती ज्या यादीत शोधली जातात, त्या यादीत ती बसत नाहीत. आणि जोपर्यंत आपण हा अभिमान उराशी धरून बसू, तोपर्यंत त्यांना वाचवण्याचे काम सुरूच होणार नाही.

अभिमान बाळगणाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात एका पिकावर, एका पावसावर आणि सावकाराच्या एका वहीवर अख्खे घर टांगलेले असते, तसे कोकणात सहसा नसते. इथे पाऊस भरपूर पडतो, भातशेती घरापुरती असते, चार आंबे, दहा काजू, थोडी मासळी आणि मुंबईहून येणारे पैसे अशा अनेक खुंट्यांवर संसार टांगलेला असतो. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणून आपली हेटाळणी झाली, पण त्याच मनीऑर्डरने कर्जाचा फास इथल्या गळ्याशी येऊ दिला नाही, हेही खरे आहे. तेव्हा कर्जबाजारीपणामुळे होणाऱ्या शेतकरी आत्महत्या कोकणात कमी आहेत, या विधानाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या विधानातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. कर्जामुळे मेला नाही, म्हणजे दुःखाने मेला नाही, असे कसे म्हणता येईल?

शासनदरबारी ‘शेतकरी आत्महत्या’ कशाला म्हणतात, ते पाहिले की यातली गफलत लक्षात येते. मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या नावे सातबारा हवा, मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकलेले हवे, वसुलीचा तगादा हवा. मग समिती प्रकरण ‘पात्र’ ठरवते आणि एक लाख रुपयांची मदत मिळते. ही व्यवस्था मदतीसाठी केलेली आहे, दुःख मोजण्यासाठी नव्हे, आणि तिला त्याचा दोष देता येणार नाही. पण आपण तीच मोजपट्टी करून टाकली. आता कोकणातला सातबारा डोळ्यांसमोर आणा. पणजोबाच्या नावाखाली वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी हयात नाहीत, बाकीची विरारला आणि डोंबिवलीला. सामायिक जमिनीवर बँक कर्ज देत नाही, म्हणून कर्ज थकत नाही, म्हणून तगादा नाही, म्हणून प्रकरण नाही. जी अडचण कोकणी शेतकऱ्याला उभे राहू देत नाही, तीच अडचण त्याला मेल्यावर यादीतूनही बाहेर ठेवते.

आमच्या दापोली तालुक्यातल्या एका माणसाबद्दल इथे सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, पत्नी वारलेली, दोन मुलगे मुंबईच्या उपनगरात. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि त्या वाडीतले प्रत्येक झाड कोणी, कोणत्या साली लावले, हे त्यांना तोंडपाठ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारच्या काही तासांत ती वाडी आडवी झाली. पंचनामा झाला, काही महिन्यांनी मदतही आली. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडवीत बसून एका जुन्या वहीत पडलेल्या झाडांची नावे लिहीत होते. एका पानावर नारळ, एका पानावर पोफळी, काही झाडांपुढे आईचे नाव, काहींपुढे धाकट्या भावाचे. ‘तू सांग, आता या वयात नारळ लावून खाणार कोण?’ असे त्यांनी विचारले. नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे मलाही ठाऊक होते. ‘लावा हो तात्या, नातवंडे खातील,’ असे मी म्हणालो, चहा घेतला आणि निघालो. दोन पावसाळ्यांनंतर तात्यांनी जीव दिला. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली आणि कारणापुढे ‘आजारपणाला कंटाळून’ असे लिहिले गेले. त्यांना गुडघेदुखीपलीकडे कोणता आजार होता, हे मी आजवर कोणाकडून ऐकलेले नाही. सातबाऱ्यावर त्यांच्या आज्याचे नाव पहिले होते आणि कर्ज एका रुपयाचेही नव्हते. त्यांचा प्रश्न झाडांविषयी नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

अशी माणसे किती, याचा अंदाज राज्याच्या आकड्यांवरून बांधता येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्र २२,७४६ मृत्यूंसह सर्वांत वर आहे. शेतकरी आणि शेतमजूर मिळून त्यातले ४,२४८ आहेत. म्हणजे आपल्या राज्यात आत्महत्येने गेलेल्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसांचा शेतीच्या यादीशी काही संबंध नाही. ती रोजंदारीवर जाणारी आहेत, गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत, निवृत्त आहेत. कारणांमध्ये कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही दोनच मिळून देशपातळीवर निम्मी जागा व्यापतात. कोकणात कुटुंबे नाहीत का? आजारपण नाही का? विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मरणाची चर्चा व्हायलाच हवी आणि ती आजही पुरेशी होत नाही. पण त्या चर्चेच्या आडोशाला उभे राहून बाकीच्या प्रदेशांनी स्वतःला निर्दोष ठरवणे, हा त्या मृतांचाही अपमान आहे.

कोकणाच्या दुःखाची घडणच वेगळी आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, या आकड्याचे कौतुक स्त्री-पुरुष समतेचा दाखला म्हणून केले जाते. वास्तविक तो गावात नसलेल्या पुरुषांचा आकडा आहे. नवरा मुंबईला, सासूसासरे अंथरुणाला, मुले शाळेत आणि शेत, गुरे, पाणी, लाकूडफाटा एकटीच्या अंगावर, असे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या बायकांना आपण ‘कणखर’ हे एक विशेषण दिले आणि विषय संपवला. दुसरीकडे मुंबईहून हरून परत आलेला पुरुष आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर असे हजारो पुरुष गावी आले, खळ्यात बसून राहिले आणि त्यांतले कित्येक दारूत गेले. त्या पिढीच्या मनाचे काय झाले, याची नोंद कुठे झाली? २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तसेच लोंढे आले, या वेळी त्यांचे नातू. बंदरातल्या नौकांवर आणि आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार तर आपल्या कोणत्याच हिशेबात नाहीत; त्यांच्यापैकी कोणी गेला तर वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि त्यांत नाव धड छापलेले नसते.

या विषयावर बोलायला लागले की पहिला आक्षेप येतो तो मनाच्या कमकुवतपणाचा. पूर्वीच्या लोकांनी याहून जास्त सोसले, त्यांनी नाही जीव दिले, आताच्या माणसांना दम निघत नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना मी पालगडची आठवण करून देईन. दापोली तालुक्यातल्या या गावात साने गुरुजींचा जन्म झाला. अनेकदा तुरुंगवास भोगलेला, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषणाला बसलेला हा माणूस. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. त्यांना भेकड म्हणण्याची कोणाची छाती आहे? मराठी माणसाने त्यांच्यावर अपार प्रेम केले, पण त्यांच्या अखेरच्या काळातल्या वेदनेबद्दल आपण अजूनही खालच्या आवाजात बोलतो आणि ‘अतिसंवेदनशील होते’ एवढे म्हणून पुढे जातो. त्या मृत्यूचे उदात्तीकरण नको. ते नुकसान होते, आणि उपचार व सोबत वेळेवर मिळती तर कदाचित टळणारे होते. पण ज्याच्या धैर्याविषयी शंका घेता येत नाही, अशा माणसालाही हा अंधार गाठू शकतो, एवढे तरी पालगडच्या शेजारच्या गावांनी मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याविषयी बोलल्याने लोण पसरते, असे अनेक समंजस माणसे म्हणतात. हे अर्धे खरे आहे आणि त्यातले खरे अर्धे आपण गंभीरपणे घेतले पाहिजे. मृत्यूची पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यांची रसभरीत वर्णने छापली की अनुकरण होते, हे जगभर दिसून आलेले आहे. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेवरच्या आत्महत्यांची खमंग वर्णने वर्तमानपत्रांत येत होती, तोवर त्या वाढत होत्या. १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी वृत्तांकनाचे नियम सुचवले, वर्तमानपत्रांनी ते पाळले आणि आकडा झपाट्याने खाली आला. आपल्याकडे प्रेस कौन्सिलने असेच नियम २०१९ मध्ये स्वीकारले आहेत, तरी आजही गावच्या व्हॉट्सअॅप गटावर पोलीस पाटलाच्या आधी फोटो पोहोचतो. पण यावरून मौन पाळावे, असा निष्कर्ष निघत नाही. मृत्यू कसा झाला हे सांगण्याने अपाय होतो. माणूस कशातून जात होता आणि मदत कुठे मिळते, हे सांगण्याने जीव वाचतात. एखाद्याला ‘जीव नकोसा झालाय का?’ असे सरळ विचारले, तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालत नाही. बहुतेकदा आपण त्याच्या छातीवरचा धोंडा हलवत असतो. मी तात्यांना हा प्रश्न विचारला नाही.

बोलल्याने समाज बिघडतो, हा युक्तिवाद आपल्या तालुक्याने एकदा ऐकलेला आहे. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढून बसले आणि १९२७ पासून त्याच विषयासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवू लागले, तेव्हा हेच म्हटले गेले होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. त्याच्या आधी वडिलांनी, धोंडो केशव कर्व्यांनी, १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. पुढे संततिनियमन ही सरकारी मोहीम झाली आणि विधवाविवाहाला कोणी हरकत घेईनासे झाले. त्या काळी अब्रूच्या नावाखाली जे झाकले जात होते, त्यात बायका मरत होत्या. आज अब्रूच्या नावाखाली काय झाकले जाते आहे?

बरेच काही झाकले जाते. घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला की ‘चुकून औषध पोटात गेले’ असे दवाखान्यात सांगितले जाते, कारण पोलीस केस होईल ही भीती. ही भीती कायद्याने दिलेली होती आणि कायद्यानेच ती काढून घेतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. ते प्रकरण मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कलम पुन्हा वैध ठरवले. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानण्याचे आणि त्याच्यावर उपचार करण्याचे दायित्व शासनावर टाकले. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम राहिलेलेच नाही. तरीही घरे खोटे सांगतात, आणि मग पोट साफ करून पाठवलेल्या माणसाच्या मनाकडे कोणी पाहतच नाही. अशा प्रयत्नातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, ती जगतात. म्हणूनच ती पहिली रात्र आणि त्यानंतरचे काही आठवडे खोटेपणात वाया जाणे परवडणारे नाही.

तिसरे म्हणणे असे की आपल्याकडे आपली व्यवस्था आहे: ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालावे, कौल लावावा, घाडी म्हणजे देवस्की करणारा बोलवावा. या म्हणण्याला सरसकट अंधश्रद्धा म्हणून झिडकारणाऱ्यांशी मी सहमत नाही. गाऱ्हाण्यात दुःखाला शब्द मिळतात, ते चारचौघांत उच्चारले जाते आणि सगळी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणून त्यात आवाज मिसळते. एकट्याचे ओझे क्षणभर सगळ्यांचे होते. अडचण त्यापुढे सुरू होते. देवस्कीने आजार कोणाच्या तरी करणीवर टाकला की शेजारच्या घराशी वैर उभे राहते आणि आजारी माणूस अधिकच एकटा पडतो. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन मनोविकारतज्ज्ञांनी उपचार सुरू केले. दुआही चालू राहिली आणि औषधही. आपल्या गुरवाने आणि घाड्याने कौल दिल्यावर ‘उद्या दवाखान्यात पण जा’ एवढे एक वाक्य जोडले, तरी खूप होईल. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, पण सव्वाशेहून अधिक वर्षांत त्याचे नाव आपल्या बोलण्यात बहुतेक चेष्टेपुरतेच आले. ‘रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ असे ज्या गावात हसत म्हटले जाते, त्या गावात खरोखर गरज असलेला माणूस तिथे जायला कसा धजावेल? आणि धजावला, तरी मंडणगडच्या टोकाहून निघालेल्याचा अख्खा दिवस प्रवासात मोडतो; दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसे जिल्हा ओलांडून गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात जातात.

रोजगार द्या, रस्ते द्या, मग मनाचे पाहू, असे कार्यकर्ते म्हणतात. गाव ओस पडणे हे मूळ दुखणे आहे, यात शंका नाही आणि समुपदेशनाने ते बरे होणार नाही. पण मूळ दुरुस्त होईपर्यंत थांबायचे, तर या वर्षीची माणसे कोणाच्या हिशेबात धरायची? श्रीलंका थांबली नाही. नारळ, भात आणि मासळीवर जगणाऱ्या त्या बेटावर १९९५ च्या सुमारास लाखामागे सत्तेचाळीस माणसे आत्महत्येने मरत होती. तिथल्या सरकारने सर्वांत घातक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. देशातली गरिबी संपली नव्हती, यादवी युद्धही चालू होते, पिकांचे उत्पादनही त्यामुळे घटले नाही. जीव द्यायची तीव्र इच्छा बहुतेकदा काही तासांची असते. त्या तासांत घातक वस्तू हाताशी नसली की माणूस वाचतो. आंब्याच्या फवारणीची औषधे आपण कुठे ठेवतो? पडवीच्या कोनाड्यात, माळ्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत. बागायतदारांच्या सोसायट्यांनी वाडीवार कुलूपबंद सामायिक खोली केली, तर त्याला कर्जमाफीइतका पैसा लागत नाही आणि मंत्रालयाची वाटही पाहावी लागत नाही.

डॉक्टर नाहीत, ही सबबही पूर्ण टिकत नाही. शेजारच्या गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर काम करायला बसवले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत अशी सोबत मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. तेरेखोल नदी ओलांडली की जे शक्य होते, ते नदीच्या अलीकडे अशक्य का व्हावे? आमच्याकडे आशाताईंच्या तपासणी अर्जात मनाविषयीचे दोन प्रश्न आताही असतात. ते कसे विचारले जातात, हे मी पाहिले आहे. अंगण, ओटीवर सासू, हातात सूप घेऊन उभी असलेली सून. ‘वैनी, गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का?’ ‘काय नाय गो बाय, बरी हाय मी.’ नाहीवर खूण होते आणि ताई पुढच्या घराकडे वळते, कारण तिला संध्याकाळपर्यंत उरलेली घरे करायची असतात. तिला पुरेसे मानधन, थोडे प्रशिक्षण आणि त्या सुनेशी विहिरीवर एकटीने बोलण्याएवढा वेळ दिला, तर हाच अर्ज उपयोगी ठरेल. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते, पण तो मी आमच्या एसटी स्टँडवर, रेशन दुकानात किंवा देवळाच्या फळ्यावर कधी लिहिलेला पाहिलेला नाही.

राहिली मुंबईची मंडळे. देवळाचा जीर्णोद्धार, सभागृह, कमान यांसाठी लाखो रुपये उभे करणाऱ्या या मंडळांकडे गावातल्या प्रत्येक घराची माहिती असते. कोणत्या घरात एकटे माणूस राहते, कोणाचा फोन महिनाभर आला नाही, हे त्यांच्याइतके तहसीलदारालाही ठाऊक नसते. त्यांनी वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी करून आठवड्याला एक फोन आणि महिन्याला एक फेरी वाटून घेतली, तर तात्यांसारख्यांना त्यांचा प्रश्न पुन्हा विचारता येईल आणि ऐकणाऱ्याला चहा संपवून उठायची घाई नसेल. गणपतीत गाव भरते. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर दोन दिवसांत गाड्या सुटतात, आरतीच्या आवाजाने भरलेली घरे एकेक करून कुलूपबंद होतात आणि पाखाडीवर एखाद्याच पडवीत दिवा उरतो. यंदा गाडीत बसण्यापूर्वी त्या पडवीत तासभर बसा. कसे आहात, एवढेच विचारून उठू नका; रात्री झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारा आणि पुढचा फोन कोणत्या दिवशी कराल, ते सांगून निघा.